राखाडी ठिपक्याचं घर

वर्ना कांगसच्या फोनमध्ये अख्खं गाव मावलंय
ठिपक्याठिपक्यांचं.
हिरवा म्हणजे आपला. पिवळा म्हणजे कुंपणावरचा.
राखाडी म्हणजे वेळ घालवू नका.
प्रत्येक ठिपक्याला शंभरपैकी मार्क आहेत.
पेपर कधी झाला, कुणी तपासला,
हे गावाला कुणी सांगितलेलं नाही.

मिनियापोलिसहून आलेला ब्रायसन
परवा ग्रंथालयाच्या तळघरात समजावत होता:
कुत्र्याचं खाणं कोण घेतं, शिकारीचा परवाना कुणाकडे,
कुठल्या जाहिरातीवर कुणाचा अंगठा दीड सेकंद रेंगाळतो,
सगळं मिळतं, विकत मिळतं.
याच पद्धतीने तो आधी गाद्या विकायचा.
गादी काय, आमदार काय,
झोप लागल्याशी कारण,
असं वर्नाच्या मनात आलं, पण बिस्किटं चांगली होती.

सव्वीस वर्षं तिने शाळेची बस चालवली
या खाणींच्या गावात, उणे तीसमध्येसुद्धा.
ठिपके तिला वाचता येतात, पण घरं आधी दिसतात.
हिरवा, एक्क्याऐंशी: इथल्या जुळ्या
हातमोज्यांची एकच जोडी वाटून घ्यायच्या.
पिवळा, बावन्न: इथलं पोर
पहिल्याच सीटवर ओकायचं, सलग तीन सोमवार,
बापाची पाळी बंद झाली त्या महिन्यात.
हे कुठल्या रकान्यात भरायचं?
रकाने पाचच आहेत. पाचवा, 'घरी नाही'.

राखाडी घरापाशी फोन म्हणाला, पुढे चला.
तिचा पाय ब्रेकवर गेला,
चालता चालता, फुटपाथवर, नसलेल्या ब्रेकवर.
बसने थांबा सोडायचा नसतो.
पोर उभं नसलं तरी दार उघडून
दहा आकडे मोजायचे, असा नियम होता.

ऑर्विल पेल्टोने दार उघडलं तेव्हा
त्याच्या मुठीतल्या फोनमध्ये एक बाई ओरडत होती
की ते येताहेत, तुमचं घर घ्यायला येताहेत.
कोण, ते कळायच्या आत दुसरी बाई लागली.
"हे रोज रात्री येतात," तो म्हणाला, "न बोलावता.
दारावर मात्र तूच. अकरा वर्षांत पहिली."
पत्रकाकडे न बघताच त्याने विचारलं,
दवाखान्याची व्हॅन का बंद झाली?
गुरुवारी यायची. मर्लीला डायलिसिसला न्यायची.

उमेदवाराचे मुद्दे तीन होते,
चाचणीत सगळ्यात जास्त चाललेले.
त्यांत व्हॅन नव्हती.
"माहीत नाही," वर्ना म्हणाली.
हे वाक्य तळघरात कुणी शिकवलं नव्हतं,
म्हणूनच बहुतेक त्याने तिला आत घेतलं.
कॉफी पातळ होती.
मर्लीची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

संध्याकाळी ब्रायसनचा फोन. साठपैकी एकोणीसच दारं?
"बर्फ," ती म्हणाली.

रात्री तिने नकाशावर स्वतःचं घर शोधलं.
हिरवं. एकाहत्तर.
बराच वेळ ती बसून राहिली
त्या उरलेल्या एकोणतीसचा विचार करत:
कुठली असेल ती बाई, काय खात असेल,
कुणावर चिडलेली असेल, आणि यांना कसं कळलं.

मंगळवारी सकाळी आठला
राखाडी घरासमोर तिने आपली गाडी उभी केली.
त्याने हो म्हटलं नव्हतं. नाहीही नव्हतं म्हटलं.
मत कुणाला, हे विचारायचं नाही, असं ठरवून आली होती;
बसमध्ये चढणाऱ्याला कधी विचारलं होतं?
दोनदा हॉर्न दिला.
स्वयंपाकघरात दिवा होता.
दाराचं लॉक काढून ती मोजू लागली,
एक, दोन, तीन, सावकाश,

सातवर पडदा हलला.